कानातले आवाज आणि मेंदूवरचं चुंबक: कोकणातल्या घरांतून येणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांतून आणि त्यांच्या मुंबईकर नातलगांकडून हल्ली एकच विचारणा सारखी येते: ‘मशीनने आवाज बंद होतात म्हणे, आमच्या माणसाला करून बघू का?’ कोणी मोबाईलवर जाहिरात पाहिलेली असते, कोणाला पुण्याच्या भाच्याने व्हिडिओ पाठवलेला असतो. आवाज म्हणजे स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात कोणी बोलत नसताना ऐकू येणारे, आणि मशीन म्हणजे बाहेरून मेंदूला चुंबकाचे ठोके किंवा क्षीण वीज देणारं. त्या विचारणांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही, रुग्णांच्या घरच्यांबरोबर काम करणारी कार्यकर्ती आहे. गोळ्या कोणत्या, किती आणि मशीन लावायचं की नाही हे तुमच्या मनोविकारतज्ज्ञांनीच ठरवायचं. पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून हा खटाटोप.

हा उपचार नेमका कशावर आहे?

स्किझोफ्रेनियाच्या काही ठरावीक लक्षणांवर. आख्ख्या आजारावर नाही. संशोधन मुख्यतः दोन ठिकाणी झालं आहे. एक, गोळ्या नियमित घेऊनही कानात येत राहणारे आवाज. दोन, माणूस आतून विझल्यासारखा होतो, बोलणं-उठणं-मिसळणं कमी होतं ती अवस्था. डॉक्टर तिला नकारात्मक लक्षणं म्हणतात. शेजारी आपल्या विहिरीत काही टाकतो, भाऊ जमीन लाटणार आहे, अशा पक्क्या संशयांवर मात्र या मशीनचा उपयोग होतो असं म्हणायला फारसा आधार नाही. तुमच्या घरातली मुख्य तक्रार संशयाची असेल तर पुढचं वाचून आशा लावून घेऊ नका.

“मशीन लावल्यावर आवाज बंद होतले काय?” चुंबकाचा आणि आवाजाचा संबंध काय?

आपण सगळेच मनातल्या मनात बोलत असतो. ते बोलणं आपलंच आहे हे आपल्याला कळतं, कारण मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आधीच वर्दी देतो: हे माझंच आहे, दचकू नकोस. स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्याचंही कारण हेच. लंडनच्या संशोधकांनी २००० च्या सुमारास हे तपासून पाहिलं. ज्यांना आवाज ऐकू येत होते त्यांना स्वतःचा स्पर्शही परक्याच्या स्पर्शाइतकाच गुदगुल्या करणारा वाटला. म्हणजे वर्दी पोचण्यातच कुठेतरी गफलत होते आणि स्वतःच्याच मनातलं बोलणं बाहेरच्या कुणाचं वाटू लागतं, असा एक महत्त्वाचा तर्क आहे. हा तर्क सगळं उलगडून सांगत नाही. पण ‘तो नाटक करतो’ म्हणणाऱ्या काकांना समजावण्यापुरता तो नक्की पुरेसा आहे, कारण आवाज येत असताना केलेल्या मेंदूच्या स्कॅनमध्ये ऐकण्याशी आणि भाषेशी संबंधित भाग खरोखर जागे झालेले दिसतात. त्या माणसाला आवाज ऐकू येतो, अगदी तुमचा-माझा ऐकू यावा तसा.

हा ऐकण्या-समजण्याचा पट्टा डाव्या कानाच्या वर, जरासा मागे, कवटीलगत आहे. तिथे बाहेरून पोचता येतं, म्हणून मशीनची कल्पना निघाली. डोक्यावर धरलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून क्षणभर जोरदार वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि आत मेंदूच्या पृष्ठभागावर बारीकसा विद्युतप्रवाह उठवतं. तत्त्व फॅरेडेने १८३१ मध्ये मांडलेलं. घरातली इंडक्शनची शेगडी चालते तेच, फक्त इथे काही तापवायचं नसतं. मेंदूसाठी असं यंत्र १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी केलं. ठोके सेकंदाला एक अशा संथ गतीने दिले तर तो भाग शांत होतो आणि सेकंदाला दहा अशा गतीने दिले तर चेतवला जातो, असं ढोबळमानाने मानतात. आवाजांसाठी संथ, सुस्तीसाठी जलद. चुंबकाची पोच साधारण दोन-तीन सेंटीमीटर, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरापर्यंतच.

टीएमएस आणि टीडीसीएस, दोन्ही नावं ऐकली. एकच का?

नाही. वर सांगितलं ते चुंबकाचं, ते टीएमएस. मशीन मोठं, खुर्चीसकट खोली अडवणारं आणि महाग.

टीडीसीएस म्हणजे मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला बांधून त्यातून एक ते दोन मिलिअँपिअर इतका क्षीण, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह साधारण २० मिनिटं सोडणं. बॅटरीवर चालतं, पिशवीत मावतं. यात पेशींना ठोका बसत नाही, त्यांचा कल थोडा इकडेतिकडे होतो एवढंच. आवाजांसाठी एक स्पंज कपाळाच्या डाव्या बाजूला आणि दुसरा डाव्या कानामागे वरच्या अंगाला, अशी मांडणी बहुतेक अभ्यासांत आहे. आपल्या देशात बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत यावर बराच अभ्यास झाला आहे. वीज जाणाऱ्या, लांब-लांब वाड्या असलेल्या आपल्या मुलखाला मशीन म्हणून हे जास्त सोयीचं पडेल असं मला वाटतं. पण सोयीचं आहे म्हणून गुणकारी आहे असं होत नाही.

हा शॉकच ना? आमच्या आजीला रत्नागिरीत शॉक दिले होते.

नाही. आणि या प्रश्नाला जरा वेळ द्यायला हवा, कारण ‘शॉक’ या एका शब्दापायी कोकणात कितीतरी माणसं उपचारांपासून लांब राहिली आहेत.

शॉक म्हणजे ईसीटी. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केलेला उपचार. त्यात विजेने मुद्दाम फिट आणतात. ती फिट हाच उपचार असतो. जुन्या काळी भूल न देता द्यायचे, माणूस टेबलावर झटके द्यायचा, हाडंही मोडायची, आणि हे बघून आलेले नातलग आयुष्यभर तेच सांगत राहिले. आजीची गोष्ट त्या काळातली असेल. आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ९५ व्या कलमाने बंद केलं आहे.

टीएमएस आणि टीडीसीएसमध्ये फिट आणत नाहीत, भूल देत नाहीत. माणूस जागा असतो, बोलतो, सत्र संपलं की चालत बाहेर येतो.

आता एक गोष्ट सांगते, ती बऱ्याच जणांना आवडत नाही. ज्या शॉकला आपण घाबरतो त्याच्या बाजूचा पुरावा काही अवघड रुग्णांत या नव्या, सौम्य मशीनपेक्षा भक्कम आहे. बाकीच्या औषधांनी दाद दिली नाही की देतात ते क्लोझापिन देऊनही सुधारणा न झालेल्या ३९ रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास २०१५ मध्ये आला. क्लोझापिनच्या जोडीला ईसीटी मिळालेल्यांपैकी निम्म्यांत ठरवलेल्या मापाची सुधारणा दिसली, नुसत्या क्लोझापिनवर ठेवलेल्यांत एकातही नाही. अभ्यास लहान आहे, आणि खोटी ईसीटी (नुसती भूल, वीज नाही) देऊन तुलना केलेली नव्हती. तरी डॉक्टरांनी ईसीटीचं नाव काढलं की उठून जाऊ नका. माणूस दगडासारखा एकाच जागी बसून आहे, खात-पीत नाही, अशी अवस्था असेल तर तिथे चुंबकाच्या मागे लागणं म्हणजे वेळ घालवणं.

मग या मशीनने गुण येतो का? आडवळणं नकोत.

काहींना येतो, बऱ्याच जणांना येत नाही, आणि कोणाला येईल हे आधी सांगता येत नाही.

थोडा इतिहास कळला तर असं का म्हणते ते पटेल. अमेरिकेत येल विद्यापीठात राल्फ हॉफमन यांनी १९९९-२००० मध्ये डाव्या कानामागच्या भागावर संथ ठोके दिले आणि आवाज कमी झाल्याचं नोंदवलं. सुरुवातीला रुग्ण अगदी मोजके, पण जगभर उत्साह पसरला. पुढे मोठे, काटेकोर अभ्यास सुरू झाले. त्यांत काही जणांना खरं मशीन आणि काहींना तसंच दिसणारं, तसाच टकटक आवाज करणारं पण मेंदूपर्यंत काही न पोचवणारं खोटं मशीन लावतात. नेदरलँड्समध्ये ६२ रुग्णांवर २०११ मध्ये असं केलं, तेव्हा खऱ्या आणि खोट्यात फरकच निघाला नाही. इतर काही अभ्यासांत निघाला. सगळे एकत्र करून पाहिले की थोडासा फायदा दिसतो, पण तो अभ्यासागणिक हलतो. ब्रिटनमध्ये उपचारांची पारख करणाऱ्या नाइस या संस्थेने २०२० मध्ये निर्वाळा दिला तो असा: आवाजांसाठी टीएमएस केवळ संशोधनाचा भाग म्हणून वापरावं.

टीडीसीएसचीही तीच तऱ्हा. फ्रान्समधल्या लियाँला ब्रुनेलँ यांच्या गटाने २०१२ मध्ये ३० रुग्णांवर अभ्यास केला: दिवसातून दोनदा, पाच दिवस. आवाजांची तीव्रता सरासरी ३१ टक्क्यांनी उतरली आणि परिणाम तीन महिन्यांपर्यंत टिकला. निमहान्सच्या अभ्यासातही फायदा दिसला. नंतर नेदरलँड्सच्या गटाने केलं तर काहीच फरक नाही.

‘३१ टक्के उतरली’ म्हणजे काय तेही समजून घ्या. आवाज बंद झाले असं नाही. दिवसभर शिव्या देणारा आवाज संध्याकाळपुरता उरला, किंवा येतो पण त्याचं ऐकावंच लागतं असं वाटेनासं झालं, असा तो फरक असतो. ज्याच्या डोक्यात चोवीस तास कोणीतरी ओरडतंय त्याच्यासाठी हे मोठं आहे. ‘आमचा मुलगा पूर्वीसारखा होईल’ अशा आशेने आलेल्या आईबापांना मात्र ते काहीच वाटत नाही.

औषधं-यंत्रांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने टीएमएसला नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि मंत्रचळेपणासाठी (ओसीडी) २०१८ मध्ये मान्यता दिली. स्किझोफ्रेनियासाठी दिलेली नाही. जाहिरातीत ‘एफडीए मान्यताप्राप्त’ वाचलंत तर कशासाठी मान्यता, हा पुढचा प्रश्न तुमचा.

आवाज नाहीत. पण मुलगा ओटीवर नुसता बसून असतो, आंघोळीलाही दहादा सांगावं लागतं.

याला आळस म्हणू नका. आणि खरं तर घराला जास्त थकवणारी हीच लक्षणं. आवाजांवर गोळ्या बऱ्यापैकी चालतात, या सुस्तीवर फार कमी.

इथे मशीन कपाळाच्या डाव्या बाजूला, जलद ठोक्यांनी वापरतात. जर्मनीत १७५ रुग्णांचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि खोट्या मशीनपेक्षा खरं सरस ठरलं नाही. टीडीसीएसमध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत १०० रुग्णांवर केलेल्या २०२० च्या अभ्यासाने मात्र फायदा दाखवला. लहान मेंदूला ठोके देऊन बघण्याचे प्रयोग अमेरिकेत आणि निमहान्समध्ये झाले आहेत. दिशा रंजक आहे, इतकंच आत्ता म्हणता येईल.

एक तपासून घ्या: गोळीचा डोस जास्त झाल्यानेही माणूस असाच ताठ आणि मंद होतो. सोबत नैराश्य असेल तरीही. ते आधी डॉक्टरांना विचारा. आणि रोज एक ठरलेलं, छोटं, गरजेचं काम द्या. सुपारी सोलणं, कोंबड्यांना दाणे टाकणं, होडीवरून परतलेली जाळी शिवायला बसणं. यासाठी मशीनही लागत नाही आणि घाटही चढावा लागत नाही.

मशीन सुरू केलं की गोळ्या थांबवता येतील?

नाही. वर सांगितलेल्या जवळपास सगळ्या अभ्यासांत रुग्ण गोळ्या घेत होते. मशीन जोडीला आहे, गोळ्यांच्या जागी नाही. गोळ्या तोडल्या की आजार उलटण्याची शक्यता वाढते, आणि मग मशीन फसलं की गोळ्या तुटल्या हे कुणालाच सांगता येत नाही.

मशीनआधी काय करून झालेलं असायला हवं?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फार कमी लोक विचारतात.

दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी निदान सहा आठवडे, खरोखर घेऊन झाली का? ‘खरोखर’ यासाठी म्हणते की गोळी जिभेखाली धरून माडाच्या बुंध्याशी थुंकणारे कमी नाहीत. घेऊनही फरक नसेल तर पुढची पायरी क्लोझापिन. औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात त्याच्या इतकं प्रभावी औषध अजून दुसरं नाही. तरी ते टाळलं जातं, कारण त्यात काही जणांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जातात, म्हणून आपल्याकडे सहसा पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. तालुक्याच्या गावी जाऊन आठवड्याला रक्त देणं कंटाळवाणं खरंच आहे. पण वीस दिवस पुण्यात खोली घेऊन राहायला तयार असलेलं घर हे करू शकतं. क्लोझापिन न वापरताच थेट मशीनचा खर्च सुचवला जात असेल तर का, ते विचारा. क्लोझापिनवर असताना ताप, घसा दुखणं किंवा दोन-तीन दिवस पोट साफ न होणं, यातलं काही झालं तर डॉक्टरांना लगेच कळवायचं.

यात विडीचा एक भाग आहे. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर मोडून टाकतं, त्यामुळे ओढणाऱ्याला जास्त डोस लागतो. तोच माणूस दवाखान्यात दाखल झाला आणि विडी एकदम सुटली की रक्तातलं औषध वाढतं, गुंगी आणि फिटचा धोका वाढतो. हे धुरामुळे होतं, तंबाखू मळून खाण्याने किंवा मिश्रीने नाही. (म्हणून तंबाखू खा असं मी म्हणत नाही.) लियाँच्या गटालाच पुढे असंही आढळलं की न ओढणाऱ्यांना टीडीसीएसचा फायदा ओढणाऱ्यांपेक्षा जास्त झाला. विड्या किती, हा आकडा डॉक्टरांना खरा सांगा.

कोणाला हे करू नये?

डोक्यात किंवा डोक्याजवळ धातू असेल, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानात बसवलेलं कॉक्लिअर यंत्र, तर टीएमएस नाही. पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. आधी फिट आली असेल, डोक्याला मोठी जखम झाली असेल तर ते आधीच सांगायचं. गरोदरपणातही विचारल्याशिवाय नाही. दातात भरलेली चांदी सहसा अडत नाही.

झोप न झाल्यानेही फिटचा धोका वाढतो. रात्रभर समुद्रावर असलेल्या खलाशाने सकाळी जेटीवरून थेट सत्राला येऊन बसू नये. दारूचंही तसंच: रोज पिणाऱ्याने ऐन उपचारांच्या आठवड्यात एकदम तोडली तर तेव्हाही फिट येऊ शकते. डॉक्टरांपासून हे लपवण्यात शहाणपण नाही.

सत्रात नक्की काय होतं? दुखतं का?

टीएमएसच्या पहिल्या दिवशी योग्य जोर ठरवतात: हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागावर ठोका देऊन अंगठा किती जोराला हलतो ते बघतात. मग डोक्यावर मोजमाप करून जागा ठरते. कानात बोळे घालतात, कारण मशीन टकटक मोठ्याने वाजतं; बोळे दिले नाहीत तर मागून घ्या. एक सत्र साधारण १५-२० मिनिटांचं. कानाजवळ ठोके देताना जबडा, गाल फडफडतात, कवटीवर टिचक्या बसल्यासारखं होतं. नंतर डोकेदुखी होऊ शकते, साध्या गोळीने जाते. फिट येणं फार विरळ, पण शक्य असतं. म्हणून मशीनजवळ फिट सांभाळता येणारा माणूस हवाच.

टीडीसीएसमध्ये मुंग्या येतात, खाजतं, कातडी लाल होते. स्पंज वाळला तर भाजू शकतं.

एक गोष्ट पुस्तकांत कमी येते. ‘माझ्या डोक्यात चिप बसवली आहे’ असा ज्याचा संशय आहे त्याच्या डोक्याला मशीन लावणं ही नाजूक बाब आहे. आधी मशीन दाखवा, हात लावून बघू द्या, शक्य असेल तर तंत्रज्ञाने स्वतःच्या हातावर ठोका घेऊन दाखवावा. तरीही तो बिथरत असेल तर पुढे ढकला.

कोकणात हे कुठे मिळेल? खर्च?

कुठे मशीन आहे आणि चालू आहे, हे महिन्या-महिन्याला बदलतं. इथे नावं लिहून कुणाला फुकटचा फेरा पाडायचा नाही. सुरुवात जवळच्या सरकारी मानसोपचार विभागातून करा: जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य कार्यक्रम, रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांना बांबोळी जवळ पडते. तिथे गोव्याची मानसोपचार संस्था आहे. तिथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन मग मोठ्या गावाला फोन. रायगडकरांना मुंबई, चिपळूणकरांना कुंभार्ली घाटाने कऱ्हाड, रत्नागिरीकरांना आंबा घाटाने कोल्हापूर हा नेहमीचा रस्ता आहेच.

खर्चाचा हिशेब मांडताना सत्राच्या दराला कमी आणि मुक्कामाला जास्त धरा. टीएमएसची १० ते २० सत्रं असतात, आठवड्यातले पाच दिवस. म्हणजे दोन ते चार आठवडे रुग्ण आणि सोबतचा एक माणूस बाहेरगावी. रोज घाट चढून-उतरून होत नाही. पावसात तर दरड कधी पडेल सांगता येत नाही. सोबतच्याची मजुरी बुडते, गुरांना कोण बघणार हा प्रश्न असतोच. घाई नसेल तर वेळ निवडा. आंबा-काजूच्या दिवसांत नको. मासेमारीवाल्या घरांना १ जून ते ३१ जुलै बंदीचा काळ मोकळा मिळतो. आणि गणपतीत सगळे चाकरमानी घरी असतात, तेव्हा पैशाचं आणि सोबतीचं समोरासमोर ठरवून घ्या. फोनवर सगळेच ‘हो, बघू’ म्हणतात.

पॅकेजवाले म्हणतात, खात्रीने गुण. पैसे भरावे का?

खात्री देतो तिथून उठा. बाकीच्यांना एवढं विचारा: कोणत्या लक्षणासाठी करताय? आधी आणि नंतर ते लक्षण कशाने मोजणार? दहा सत्रांनंतर फरक नसेल तर थांबवून उरलेले पैसे परत का? मशीन चालू असताना डॉक्टर इमारतीत असतात का? संशोधनाचा भाग असेल तर नैतिकता समितीची मंजुरी कुठे आहे, आणि अभ्यासात भाग घेण्याचे पैसे आमच्याकडून का?

मोजायचं काम घरीही करा. वहीत रोज रात्री: आवाज किती वेळ आले, किती मोठे, त्याने ऐकून काही केलं का, झोप किती. मशीनच्या दोन आठवडे आधीपासून सुरू करा. सगळा खर्च झाल्यावर ‘जरा बरं वाटतंय’ असं प्रत्येकालाच वाटतं. वही तसं वाटून घेत नाही.

ऑनलाइन मिळणारं डोक्याला लावायचं यंत्र घरी वापरू?

नको. स्पंज दोन बोटं सरकला की प्रवाह भलतीकडे, कातडी भाजण्याची भीती वेगळीच.

गुण आला तर किती टिकतो?

आठवडे ते काही महिने. काही ठिकाणी अधूनमधून पुन्हा सत्रं देतात, पण त्याचं ठरलेलं वेळापत्रक नाही. परत घाट चढावा लागू शकतो हे धरूनच हिशेब करा.

तो तयार नाही. फसवून नेऊ का?

नाही. उपचार समजून घेऊन होकार किंवा नकार देण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने त्याला आहे. निर्णय घ्यायची स्थिती नसेल तेव्हा कोण ठरवणार तेही कायद्यात आहे, डॉक्टर समजावतील. शिवाय हा उपचार वीस दिवस खुर्चीत बसून घ्यायचा आहे. पहिल्या दिवशी फसवून नेलेला माणूस दुसऱ्या दिवशी बसत नाही. आणि त्याच कायद्याने साखळीने बांधणं कोणत्याही स्वरूपात बंद आहे, घराच्या मागच्या पडवीतही.

गावात म्हणतात बाहेरचं आहे. देवाचं करायचं की मशीन?

कौल लावा, गाऱ्हाणं घाला, त्याने कुणाचं बिघडत नाही. गावाच्या देवळात उभं राहून घराला धीर येत असेल तर मी आड येणार नाही. पण गोळ्या चुकवायच्या नाहीत, उपास घडवायचे नाहीत, मारायचं नाही, धुरी द्यायची नाही. काही गुरव स्वतःच सांगतात, ‘आधी डॉक्टराक दाखव, मगे हय ये’. अशा माणसाला बरोबर घ्या. तुमच्या घरात त्याचा शब्द माझ्यापेक्षा जास्त चालतो.

विमा मिळतो का?

मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायचं असं कायदा सांगतो. पण दाखल न होता घेतलेल्या सत्रांना तुमच्या पॉलिसीत जागा आहे का, हे पैसे भरण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या.

आवाज त्याला विहिरीत उडी मार म्हणतात. मशीनची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.

तारखेची वाट बघू नका, हे आजचं काम आहे. त्याला एकटं सोडू नका. कोयती, कीटकनाशकं आणि उरलेल्या गोळ्या कुलपात घाला, विहिरीकडे जाणारं दार लावा, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जा; गाडी नसेल तर १०८. वाटेत किंवा रात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं, जुने कागद आणि ती वही बरोबर ठेवा.